लेकरू सांभाळणारा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. इतका जुना, की मला घडवणाऱ्यांची भाषा आज कुणालाच येत नाही.

गिरणेकाठच्या एका घरात माझ्यात धान्य साठवत. पुढे त्या घरातलं लहान लेकरू तापानं गेलं. बापानं त्याला माझ्यात ठेवलं, माझ्या तोंडाला दुसऱ्या रांजणाचं तोंड लावलं आणि घरातच जमिनीखाली आम्हाला पुरलं. घर पडलं, गाव उठलं. आम्ही दोघं मात्र त्याला सांभाळत राहिलो. तीन हजार वर्षं.

बहात्तरच्या दुष्काळात देवळा गावाच्या बाजूला पाझर तलावाचं काम निघालं. खणताना आम्ही सापडलो. आत धन असेल म्हणून झुंबर नावाच्या मजुरानं पहार उगारली. शेजारी मालनबाई पाटीत माती भरत होती. तिनं पुढं होऊन दोन तोंडांमधल्या फटीत हात घातला.

"थांब झुंबर. दात हायेत हे. दुधाचे."

झुंबरनं पहार खाली ठेवली. आदल्याच वर्षी मालनबाईची मुलगी गेली होती, हे त्याला ठाऊक होतं.

मग नाशिकहून एक संशोधक आले. "त्या काळी लहान मुलांना असं घरातच पुरत," ते म्हणाले.

"घरात का?" मालनबाईनं विचारलं.

"ते अजून नीट कळलेलं नाही, बाई."

मला ठाऊक होतं. लेकराला अंधारात एकटं वाटू नये, असं त्याची आई म्हणाली होती. पण मला बोलता कुठं येतं?

नाशिकला नेताना माझा जोडीदार, तो दुसरा रांजण, ट्रकमध्ये फुटला. मला नाशिकच्या एका संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवलं. सुरुवातीला शाळेची मुलं रांगेनं बघायला यायची. पुढे नवी मांडणी झाली आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. माझ्यात फुटके बल्ब टाकू लागले.

बऱ्याच वर्षांनी, त्र्यंबकेश्वरहून परतताना मालनबाई मला शोधत आली. पहारेकरी बहिरूनं खोली उघडून दिली. तिनं एकेक बल्ब बाहेर काढला, पदरानं मला आतून पुसलं.

"लेकरू कुठं हाय?"

"तपासायला नेलं म्हणतात, मावशी. मी यायच्या आधीच."

"परत नाय आणलं?"

"नाय."

तिनं माझ्या काठावर हात ठेवला. मग बहिरूला म्हणाली, "बल्ब दुसरीकडं टाक बाबा." त्यानं मान डोलावली. ती एसटी गाठायला निघून गेली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. जुनी वस्तू सापडली तर फोडू नका, जपा. पण त्या वस्तूनं जे जपलं होतं, तेही तिच्याजवळच राहू द्या. रिकामं राहण्याची मला सवय नाही.