मागच्या खोलीतली जर्मन टोपी

आमच्या दाजींना आजवर इतक्या लोकांनी टोप्या घातल्या, की त्या ठेवायला घराची मागची खोली लागायला लागली. जुन्या जर्मन सैनिकांच्या टोप्या गोळा करायचा त्यांना नाद. जर्मनीशी त्यांचा संबंध एवढाच, की लहानपणी त्यांना जर्मन गोवर झाला होता.

पहिली टोपी निघाली बँडमधल्या ढोलवाल्याची. दुसरीसाठी दाजींनी चांगला चालता कॅमेरा देऊन टाकला, ती निघाली कुठल्याशा हॉटेलच्या दरवानाची. तिसरीच्या आत तर लेबलच सापडलं : 'मशीनमध्ये धुऊ नये.'

"पहिल्या महायुद्धात वॉशिंग मशीन होती वाटतं?" ताईनं विचारलं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण.

"जर्मन लोक फार पुढचा विचार करतात," दाजी म्हणाले आणि लेबल कात्रीनं कापून टाकलं.

मशीनचा विषय ताईच्या जिव्हाळ्याचा. तिची मशीन स्वयंपाकघरात, आणि कपडे पिळायला लागली की ती चालायला लागते. थरथरत, गुरगुरत, लग्नाला निघाल्यासारखी. एकदा दाराला आडवी जाऊन उभी राहिली, तर दाजी आत अडकले आणि मी त्यांना खिडकीतून चप्पल दिली. तेव्हापासून मशीन पिळायला लागली की ताई वर्तमानपत्र घेऊन तिच्यावर बसते. मागच्या खोलीत नळ आहे, मोरी आहे, जमीन सपाट आहे. पण तिथे टोप्या आहेत.

शेवटी मला साक्षीला बसवून तिनं तोडगा काढला. "ते जुन्या टोप्यांचे पारखी येणार आहेत ना तुमचे? एक टोपी खरी निघू दे. फक्त एक. खोली जन्मभर तुमची. नाही निघाली तर टोप्या माळ्यावर आणि माझी मशीन आत."

दाजींनी लगेच टाळीला हात पुढे केला. कारण चौथी टोपी.

चौथी खरंच वेगळी होती. गोल, पुढे छज्जा नाही, करड्या-हिरवट लोकरीची, भोवती लाल पट्टी. समोर बटणाएवढे दोन बिल्ले, एकाखाली एक. वरचा सगळ्या साम्राज्याचा, खालचा सैनिकाच्या आपल्या राज्याचा. अदलाबदल झाली असेल तर माल बनावट, हे दाजींनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतसुद्धा मी चुकणार नाही. आणि आत, अस्तरावर, लष्करी गोदामाचा शिक्का. "हा तिचा जन्मदाखला," दाजी म्हणायचे आणि बघणाऱ्याला हात पाठीमागे बांधायला लावायचे. मला तिथे शाई सांडल्यासारखं दिसायचं, पण मी 'वा' म्हणायचो. वास मात्र भयंकर होता. शंभर वर्षं कुणीतरी त्या टोपीत डोकं विसरून गेल्यासारखा.

पारखी ठरल्या दिवशी आले. उंच, वाळके, हातात पांढरे मोजे, डॉक्टरसारखी बॅग. दाजी त्याच सकाळी बाहेरगावाहून परतले होते. घाईघाईनं आंघोळ करून, ताईनं काढून ठेवलेले कपडे चढवून ते नवरदेवासारखे बसले होते. ढोलवाला, दरवान आणि लेबलवाली, तिघींकडे पारख्यांनी नुसतं पाहिलं आणि पाहिल्याबद्दल डोळे पुसले. मग चौथी उचलली. ते थबकले. बिल्ले पाहिले, शिवण पाहिली, भिंग लावलं. "हं," म्हणाले. दाजींनी माझा गुडघा दाबला.

मग त्यांनी टोपीला नाक लावलं.

"लिंबाचा वास येतोय."

"छान येतो ना?" ताई म्हणाली.

"दिवा बंद करा, पडदे ओढा," पारखी म्हणाले आणि बॅगेतून जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली. "इतकी जुनी लोकर ह्या उजेडात मख्ख राहते. हल्लीचं कापड असेल तर चमकतं. इथे वशिला चालत नाही."

बॅटरी लागली. टोपी अशी झळाळली की मला शेजारच्या कपाटावरची धूळ दिसली.

दिवे लागले. पारख्यांनी टोपी उलटी केली. "आणि तुम्ही म्हणत होतात तो शिक्का?"

दाजींनी आत पाहिलं. अस्तर कसं, दवाखान्यातल्या चादरीसारखं स्वच्छ. त्यांचा आवाज टिपेला गेला. "होता! इथे होता! अरे, तू सांग ना, होता की नाही?"

"होता," मी म्हणालो. "सांडल्यासारखा."

"असं होतं," पारखी मायेनं म्हणाले. हे मायेनं बोलणं फार वाईट. "माणसाला जे हवं असतं ते दिसतं." आणि मोजे काढायला लागले.

दाजी खुर्चीत बसले, म्हणजे सांडलेच. त्यांनी शर्टाची बटणं सोडली आणि वारा घ्यायला लागले. "घे गं खोली," ते ताईला म्हणाले. "आणि टोप्या माळ्यावर नको. देऊनच टाक कुणाला."

मी ताईकडे पाहिलं. मशीन आत जाणार होती. गप्प राहायचं, एवढंच काम होतं तिला. माझ्या बहिणीला आयुष्यात तेवढं एकच काम जमलेलं नाही.

"थांबा हो," ती पारख्यांना म्हणाली. "मी धुतली ती."

"धुतली?" पारख्यांनी असं विचारलं, जणू तिनं 'मारली' म्हटलं होतं.

"मग? पाहुण्यांपुढे त्या वासाची ठेवू? मागच्या टोपीत लिहिलेलं होतं, मशीनमध्ये धुऊ नये. हिच्यात कुठे काय लिहिलंय? तरी हातानं धुतली. एक रात्र भिजवली नुसती. आत शाईचा डाग होता, तो काही जाईना. पावडर लावून ठेवली, तर वाळेपर्यंत आपोआप सुटला."

दाजींच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आजवर फक्त त्या मशीनमधून ऐकला होता.

पारखी परत खाली बसले. "वहिनी, पावडरीत चमक घातलेली असते. ती कापडात बसते. आता हा उजेड पावडरीचा की नव्या लोकरीचा, कोण सांगणार? शिक्का असता तर गोष्ट वेगळी. मी नाही हिला खरी म्हणू शकत."

"असं कसं?" ताई चिडली. तिनं त्यांच्या हातातून बॅटरी हिसकावली. "दिवा घालव रे!" मी घालवला. "पावडरीनं धुतलेलं सगळंच चमकणार ना? मग हे बघा!" तिनं झोत नवऱ्यावर मारला. दाजींचा बनियन ट्यूबलाइटसारखा पेटला. "हेपण बनावटच म्हणा की! एवढी वर्षं मी डुप्लिकेट माणसाबरोबर संसार केला!"

मला हसू आलं. माझे दातही चमकले. ताईचे चमकले, दाजींचं तोंड उघडंच होतं त्यामुळे तेही चमकले. पारखी काहीतरी बोलायला गेले आणि त्यांच्या तोंडात नुसता काळोख. कवळी होती. त्यांच्या नियमानं तिथे त्यांची कवळी तेवढी अस्सल, बाकी सगळ्यांचे दात नकली.

त्यांनी तोंड पटकन मिटलं आणि लगेच परत उघडलं.

"हलू नका!" ते दाजींवर ओरडले. "श्वास घेऊ नका!"

बनियनच्या उजेडात, बरोबर छातीच्या मधोमध, एरवी दिसलीही नसती अशी पुसट काळी अक्षरं उमटली होती. एक गोल, आत काही खुणा, खाली आकडे.

"हे इथे कसं आलं?"

"टोपी वाळताना तिचा घाट बिघडू नये म्हणून आत ह्यांचा बनियन कोंबला होता," ताई म्हणाली. "दोन्ही ओलेच होते. पट्टीचा रंगपण लागला मेला, गुलाबी झालाय. म्हटलं शर्टाच्या आत कोण बघतंय!"

पारख्यांनी भिंग लावलं. "उलटं आहे. आरसा!"

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण छातीवरच्या शिक्क्याला लागला. अंधारात दाजी कपाटाच्या आरशासमोर छाती काढून उभे. ताईच्या हातात बॅटरी. पारखी त्यांच्या काखेखालून वाकून आरशात वाचताहेत. मी दाजींचा शर्ट धरून उभा. त्या वेळी कुणी दार वाजवलं असतं, तर आम्हाला गाव सोडावं लागलं असतं.

"गोदाम बरोबर," पारखी पुटपुटले. "साल बरोबर. शाई तीच... तीच!" ते काखेखालून बाहेर आले. "अभिनंदन. टोपी खरी आहे."

दाजींनी आधी पारख्यांना मिठी मारली.

"अहो शिक्का! शिक्का पुसेल!" पारखी किंचाळले आणि त्यांना दूर ढकललं. मग त्यांनी बनियन दोन बोटांनी, बाळंतिणीकडून बाळ घ्यावं तसा, उतरवून घेतला. "हा आता टोपीबरोबरच राहणार. काचेच्या पेटीत. आणि वहिनी, पाया पडतो, कधीही धुवायचा नाही."

"घामासकट?"

"घामासकट. घामही आता पुराव्यातच धरायचा."

ताईनं शब्द पाळला. मागची खोली दाजींची झाली. मधोमध पेटी, पेटीत टोपी आणि तिच्याशेजारी गुलाबी बनियन, इतका ऐटीत की येणारा माणूस आधी त्यालाच नमस्कार करतो.

मशीन स्वयंपाकघरातच राहिली. मात्र तिच्यावर बसायचं काम आता दाजींकडे आहे. परवा गेलो, तर ताई बाहेर निवांत चहा घेत होती आणि आतून गुरगुर ऐकू येत होती.

"अगं!" दाजी ओरडले. "मला घेऊन चालायला लागली गं!"

"चालू दे," ताई जागची हलली नाही. "मागच्या खोलीच्या दाराशी पोचली की हाक मारा."