बांधून न घेतलेला युरो

मित्रांनो, मी एक जुनं लेथ मशीन आहे. सध्या मिरजेत एका भंगारवाल्याच्या अंगणात उघड्यावर उभं आहे.

माझं ओतकाम कोल्हापुरात झालं. तिथून जवाहर अण्णांनी मला सांगलीजवळच्या आपल्या कारखान्यात आणलं. आम्ही पंपांचे शाफ्ट घडवायचो. माझ्यावर रसूल टर्नर काम करायचा. माझा आवाज जरा बदलला तरी त्याचा हात थांबायचा. जर्मनीहून आलेल्या पाहुण्यांनी एकदा माझ्यावर घडलेला शाफ्ट हातात फिरवून पाहिला आणि रसूलची पाठ थोपटली. तो दिवस मी विसरलेलं नाही.

माल जर्मनीला गेला की पैसे चार महिन्यांनी यायचे, तेही युरोत. तेवढ्यात युरो चढेल की उतरेल, कोणी सांगावं? म्हणून अण्णांची मुलगी चंदना, जी कारखान्यात भागीदार होती, बँकेत जाऊन आधीच दर बांधून घ्यायची. मग युरोचं काहीही होवो, ठरल्या दराने रुपये हातात पडत. एका वर्षी मात्र दर बांधल्यावर युरो चढला आणि वरचा नफा हुकला. शेजारचा कारखानदार मानसिंग भर चहाच्या टपरीवर अण्णांना हसला. ते अण्णांच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या साली आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर आली. अण्णांनी कर्ज काढून स्टील भरलं. "यंदा दर बांधायचा न्हाई," ते म्हणाले. चंदनाने त्यांना न विचारता अर्ध्या मालाचा दर बांधून घेतला. अण्णांना हे कळलं तेव्हा ते माझ्याजवळच उभे होते.

"बापावर भरवसा न्हाई व्हय गं तुझा?"

"भरवसा युरोवर नाही, अण्णा. उरलेल्याचाही दर बांधू या."

"आता बँकेची पायरी चढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. शपथ हाय तुला."

रसूल धीर करून म्हणाला, "आवं अण्णा, पोरगी बरोबर बोलतीया."

"तू तुझं काम बघ, रसूल."

रसूलने मान खाली घातली आणि मला सुरू केलं.

त्यानंतर युरो घसरतच गेला. आमचा एकही शाफ्ट नापास झाला नाही, तरी त्या मालात तोटा आला. चंदनाने बांधलेल्या अर्ध्यावर पगार कसेबसे निघाले. उरलेल्या अर्ध्याने कर्जाचे हप्ते थकवले. आमच्यातली निम्मी यंत्रं विकायला निघाली, आणि यंत्रामागे माणूसही निघाला. रसूल कोरेगावला मेहुण्याच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला. "वेल्डिंग मला येत न्हाई, पण शिकीन," जाताना एवढंच बोलला. त्याचे केस तेव्हा पांढरे झाले होते.

मला न्यायला ट्रक आला तो क्षमावणीचा दिवस. जैन मंडळी त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागतात. अण्णा दरवर्षी सगळ्यांना हसतहसत 'उत्तम क्षमा' म्हणायचे. त्या दिवशी अर्ध्या रिकाम्या झालेल्या शेडमध्ये त्यांनी मुलीपुढे नुसतेच हात जोडले.

चंदनाने त्यांचे हात धरले. "मी केली क्षमा, अण्णा. पण कोरेगावला रसूलकडे कधी जायचं?"

अण्णांनी हात सोडवून घेतले आणि हमालांना वाट करून दिली. हमालांनी माझे बोल्ट खोलायला घेतले.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी आता म्हणणार नाही. माझी वेळ गेली. पण तुमच्या घरात कोणी वेळेवर धोका दाखवत असेल, तर त्याला शपथ घालून गप्प करू नका. टपरीवर लोक हसले तर हसू द्या.