पडद्यावरची काळी रेघ

मित्रांनो, मी टूडी इकोच्या यंत्राचा एक जुना प्रोब आहे. वायरीच्या टोकाला असलेला, मुठीत मावेल एवढा. छातीवर गारेगार जेल लावून मला टेकवतात. तुम्हाला ऐकू न येणारा आवाज मी आत सोडतो, तो हृदयावर आपटून परत येतो आणि पडद्यावर हलतं चित्र उमटतं. दुखत काही नाही. ईसीजीचा कागद ठोक्यांची नोंद देतो, पण झडप नीट मिटते का, हृदयाची कुठली भिंत हातपाय गाळून बसली आहे का, हे मी दाखवतो. दम लागणारी, पाय सुजलेली माणसं म्हणूनच माझ्याकडे येतात. माझ्या चित्रांचं सगळे फार कौतुक करायचे.

एकदा घाईत माझी वायर ट्रॉलीच्या चाकात अडकली आणि मी फरशीवर आदळलो. तेव्हापासून पडद्यावर एक काळी रेघ येऊ लागली. तपासणी करणाऱ्या ताईंनी डॉक्टरांना सांगितलं.

"चालतोय ना? मग चालू दे," डॉक्टर म्हणाले. "नवा कपाटात आहे. हा पार गेला की काढू."

नवा पेटीतच राहिला. ताई मला तिरका करून रेघ चुकवायला शिकल्या. चार महिन्यांत ती रेघ कोणाच्या डोळ्यांना टोचेनाशी झाली.

मग एक चित्रकलेचे मास्तर आले, मुलीचा हात धरून. आठवड्यापूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला होता. हृदयाचं टोक हलेनासं झालं की तिथे रक्त साचून गाठ धरू शकते. ती आहे का, एवढंच बघायचं होतं. असली तर रक्त पातळ करायचं औषध द्यायचं होतं. मास्तर डाव्या कुशीवर झोपून पडद्याकडे टक लावून बघत होते.

"ताई, ही काळी रेघ कसली हो?"

"ती तुमची नाही काका, आमच्या मशीनची आहे."

मास्तर हसले, मुलगी हसली. बाहेर रांग होती, मला तिरका करून बघायचं राहून गेलं. गाठ नाही, असा रिपोर्ट गेला.

आठ दिवसांनी मास्तरांना स्ट्रेचरवरून आणलं. उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. हृदयातल्या गाठीचा तुकडा मेंदूत जाऊन अडकला होता. ताईंनी कोणालाही न विचारता कपाट उघडलं आणि नवा प्रोब लावला. चित्र लख्ख आलं. उरलेली गाठ हृदयाच्या टोकाशी बसली होती, बरोबर माझ्या रेघेच्या जागी. मास्तरांनी डावा हात उचलून पडद्यावर तिथेच बोट ठेवलं.

"बाबांनी विचारलं होतं की हो," मुलगी म्हणाली.

मास्तर चौथ्या दिवशी गेले.

मित्रांनो, मला त्या दिवसाची अजून लाज वाटते. वस्तू जपायची असते ती माणसांच्या उपयोगी पडावी म्हणून, पेटीत कोरी राहावी म्हणून नव्हे. आणि तुम्हाला कुठे काळी रेघ दिसली, तर विचारा. उत्तर हसण्यावारी गेलं, तर पुन्हा विचारा.

आता नव्याच्या रिकाम्या पेटीत मला ठेवलंय, मऊ फडक्यात गुंडाळून. इथे मी अगदी सुरक्षित आहे.