दुनळीसोबत आजोबा

ऑरिन हेगडालला एक आजोबा हवे होते, तेही शनिवारच्या आत.

तसे त्याला स्वतःचे आजोबा होते. पण ते शिलाई मशिनी विकायचे आणि फटाका वाजला तरी कानात बोटं घालायचे. त्यांचा इथे काय उपयोग? साउथ डकोटातल्या त्याच्या सासुरवाडीच्या शेतावर फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा पहिला दिवस उजाडला, की ज्याच्याकडे आजोबांची बंदूक तो त्या दिवसाचा म्होरक्या. मक्यातून हाका घालत कोणी चालायचं, पहिला बार कोणी उडवायचा, सगळं तोच ठरवणार. बावीस वर्षं म्होरक्या एकच, ऑरिनचा मेहुणा डेलमार. आणि बावीस वर्षं ऑरिन शेताच्या पार टोकाला, बोचऱ्या वाऱ्यात नाक पुसत उभा. पक्षी तिथवर पोचेपर्यंत निम्मे मेलेले असत आणि उरलेले शहाणे झालेले.

"यंदा मी मक्यातून चालणार म्हणजे चालणार," त्याने बायकोला बजावलं आणि गाडी काढली.

हायवेलगतच्या त्या अवाढव्य दुकानात पेंढा भरलेली अस्वलं, माशांची टाकी आणि सवलतीतले मोजे ओलांडले की मागे एक लाकडी भिंतींची खोली लागते. पाटी काय, तर 'बंदुकांचं ग्रंथालय'! पुस्तक एक नाही, पण गिऱ्हाइकं चर्चमध्ये आल्यासारखी कुजबुजतात. कोटातला विक्रेता पांढरे हातमोजे चढवत पुढे आला.

"जुनी दुनळी बंदूक दाखवा," ऑरिन म्हणाला. "घराण्यातली वाटेल अशी."

"घराण्यातल्याच आहेत सगळ्या, साहेब. घराणं कुणाचं, तेवढं तुम्ही ठरवायचं."

हे तो अजिबात न हसता बोलला. मग त्याने एक दुनळी अलगद काढली. दस्त्याला खड्डे पडलेले, आणि सोबत पिवळट कार्ड. ऑरिनने चष्मा लावून वाचलं: छत्तीस सालचं हिमवादळ. अकरा दिवस रस्ते बंद. याच बंदुकीच्या जोरावर एका बापाने सहा लेकरं जगवली. दस्त्यावरच्या खुणा लांडग्याच्या दातांच्या.

ऑरिनने कार्ड पुन्हा एकदा वाचलं. अरे, हे तर डेलमारचे आजोबा! दरवर्षी तो सांगतो ते, शब्दन् शब्द तेच!

"ही गोष्ट आणखी कुणाला दिलीत?"

"लांडगा फार चालतो, साहेब. नको असेल तर पुराची आहे. टोळधाडीचीही आहे."

ऑरिनने बंदूक घेतली नाही. नमुना म्हणून कार्ड तेवढं मागून घेतलं, आणि गाडीत बसल्यावर एकटाच खो खो हसला.

शनिवारी सकाळी सगळे नाश्त्याला जमले. टेबलाच्या टोकाशी नव्वदीच्या थोरा, डेलमारची आई आणि ऑरिनच्या सासूबाई. डेलमारने दुनळी टेबलावर ठेवली, घसा खाकरला. "छत्तीस सालचं हिमवादळ. माझ्या आईचे वडील, निल्स..."

"अकरा दिवस रस्ते बंद," ऑरिनने कार्डावरून पुढचं वाचलं. "सहा लेकरं. लांडग्याचे दात. अरे, त्या साली या जिल्ह्यात लांडगा औषधालासुद्धा नव्हता! दुकानातून आणलास लेका आजोबा, दुकानातून!"

डेलमारचा चेहरा पांढराफटक पडला आणि ऑरिन सासूबाईंकडे वळला.

"आई, तुम्ही तेव्हा आठ वर्षांच्या होतात. तुम्हीच सांगा, होता का लांडगा?"

थोरांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "नव्हता. बापही नव्हता. वादळाच्या आदल्या आठवड्यात तो एका बाईबरोबर ओमाहाला निघून गेला, तो गेलाच. आम्ही सहा जण शेजाऱ्यांच्या बटाट्यांवर जगलो."

हे डेलमारलाही ठाऊक नव्हतं.

"हा ती बंदूक घेऊन आला तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पहिल्यांदा माझा बाप घरी थांबला. चांगला अकरा दिवस थांबला. दरवर्षी मी मान डोलावते, ती काय लांडग्यासाठी डोलावते, ऑरिन?"

ऑरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्ड कुठे ठेवावं तेही त्याला कळेना.

"आज ऑरिन चालेल मक्यातून," डेलमार कसाबसा म्हणाला. "हरलो मी."

"ते बघा तुमचं तुम्ही. माझी गोष्ट अर्धी राहिली."

डेलमारने दुनळी उचलली आणि परत खाली ठेवली. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. शेवटी ऑरिननेच कार्ड घडी घालून खिशात कोंबलं.

"टोकाला मी आहेच, काळजी नको," तो म्हणाला आणि त्याने ती दुनळी सासूबाईंच्या पुढ्यात सरकवली. "तर आई, पाचव्या दिवशी सरपण संपलं. निल्सबाबांनी सहाही पोरांना एका पांघरुणात घातलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसले. बाहेर लांडगे दोन."

"तीन," थोरा म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.