तपकिरी गाडीचं देहदान

मेव्हिस एंटविसलची तपकिरी गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली, तेव्हा तिच्याशिवाय कोणालाच वाईट वाटलं नाही. तळाचा पत्रा इतका गंजला होता की तपासणाऱ्याने स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो थेट आत मेव्हिसच्या सीटपाशी निघाला. घरोघर फिरणारी नर्स म्हणून मेव्हिसने रॉसेंडेलचं सगळं खोरं त्या गाडीतून पालथं घातलं होतं. बर्फ असो, धुकं असो, कोणाचं बाळंतपण अडलंय म्हटलं की ही निघालीच.

"दे आता भंगारात," ती नवऱ्याला म्हणाली. मी तेव्हा कुंपणापलीकडे कांद्याच्या वाफ्यात होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं. ऐकायला मिळावं म्हणूनच मी त्या वाफ्यात जास्त वेळ असतो, असं माझी बायको म्हणते.

"भंगारात?" बर्नार्ड म्हणाला. "अगं, इंजिन ठणठणीत आहे हिचं. गिअर, मागचा आस, स्टिअरिंग, सगळं चांगलं आहे. मी हिच्यातून स्पोर्ट्स कार बनवणार. दोन सीटची, लाल."

"तू बनवणार?"

"मी."

"बर्नार्ड, हॉलमधलं शेल्फ तू भिंतीवर लावणार होतास. ते अजून भिंतीला टेकून उभं आहे."

बर्नार्ड जन्मभर शाळेत भूगोल शिकवून नुकताच निवृत्त झाला होता. उंच, रुंद, आणि त्याचे अवाढव्य बूट बघून मुलं त्याला मागून 'बेट' म्हणायची. हातात कला म्हणाल तर फळ्यावर नकाशा झकास काढायचा, बस. पण आमच्या इंग्लंडात दर गल्लीत असा एक तरी माणूस निघतोच, जो शेडमध्ये शिरतो आणि लोखंडी नळ्या जोडून गाडी बनवायला लागतो. आमच्या गल्लीत तो अजून निघाला नव्हता, एवढंच.

ज्या जुन्या गाडीचे अवयव काढून नवी बनवतात, तिला हे लोक 'दाता' म्हणतात. मेव्हिसला तो शब्द फार आवडला. दुकानात कोणी विचारलं, "गाडी दिसत नाही तुमची?" की ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "देहदान केलं तिने."

बर्नार्ड संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्डिंग शिकला. गाडीची पहिली चौकट त्याने शेडबाहेर आणून फरशीवर ठेवली आणि मला हाक मारली. "नॉर्मन, कशी आहे?"

मी एका कोपऱ्याला बोट लावलं. चौकट पाळण्यासारखी डुलली.

"झोके घ्यायला छान आहे," मी म्हणालो. "नातवंडांसाठी का?"

दुसऱ्या दिवशी त्याने सगळे सांधे कापले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की गडी हे पुरं करणार. त्यानंतर मी त्याची थट्टा कमी केली असं नाही, पण नळ्या धरायला जायला लागलो.

दुसरी चौकट सरळ उभी राहिली. मग सीट कुठे, पेडल कुठे, स्टिअरिंग किती उंच, ही मापं घ्यायची वेळ आली. टेप धरायला, खुणा करायला बर्नार्ड बाहेर हवा. मग आत बसणार कोण? रोज दुपारी मेव्हिस चहाचा कप आणि आल्याच्या केकचा तुकडा घेऊन चौकटीत ठेवलेल्या फळीवर जाऊन बसायची.

"पाय लांब कर. पोचतो?"

"पोचतो."

"हात?"

"हातात केक आहे."

"तो खाली ठेव!"

"थोडं जवळ घे स्टिअरिंग. हं. आता बरोबर."

हे मी डोळ्यांनी बघत होतो. दोघंही शहाणी माणसं, मीही काही अगदी बावळट नाही. मेव्हिस माझ्या खांद्याला लागते आणि बर्नार्ड दारातून वाकून येतो. तरी आमच्या कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. निदान आम्हा दोघांच्या तरी नाही.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात गाडी लाल झाली. बुटकी, लांब नाकाची, दारं नाहीत, छप्पर नाही. खरं सांगतो, देखणी होती. गल्लीतले सगळे जमले. बर्नार्डने चामडी टोपी घातली, एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि बसला. म्हणजे अर्धा बसला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत आले. त्याने ब्रेक दाबला, तर त्याच बुटाने ॲक्सिलरेटरही दाबला गेला, आणि गाडीने अशी डरकाळी फोडली की पलीकडच्या बाईंचं मांजर छपरावर गेलं.

"बूट काढ," मी म्हणालो.

त्याने बूट काढले. मग मोजे काढले. सीटची गादीही काढली. शेवटी अनवाणी, घामेघूम, तो तसाच अडकून बसला आणि आम्ही चौघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर ओढला.

कोणीतरी हसलं. बहुतेक मीच. पण बर्नार्डचा चेहरा बघितला आणि मी गुपचूप त्याचे बूट उचलून आणले. दोन हिवाळे त्याने त्या शेडमध्ये घालवले होते.

मेव्हिसने चपला काढल्या, आत बसली, पाय लांब केले. हातमोज्यात हात बसावा तशी ती बसली.

"पायांची जागा वाढवायला चौकट कापावी लागेल," बर्नार्ड तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मग काप की. गाडी तुझी आहे," मेव्हिस म्हणाली. मग हळूच, "मला आपलं वाटत होतं, तू माझ्यासाठी बनवतोयस. रोज माझीच मापं घ्यायचास ना."

बर्नार्डचे कान गाडीच्या रंगाचे झाले.

"मग?" तो म्हणाला. "तुझ्यासाठीच आहे. दुसरं कोणासाठी असणार?"

संध्याकाळी कुंपणाशी मेव्हिस मला म्हणाली, "धडधडीत खोटं बोलतोय गाढव. पण किती छान बोलला रे." आणि तिने डोळे पुसले. गाडी आपल्याच मापाची होतेय हे तिला कधी कळलं होतं, ते मात्र तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

सरकारी तपासणीला गाडी तीच घेऊन गेली. तपासनीस भला माणूस होता. त्याने प्रत्येक कडेवरून बोट फिरवलं, एक धारदार टोक सापडलं, म्हणाला, "मॅडम, हे गोल करून आणा." मेव्हिसने तिथेच पर्समधून नर्सची जाड चिकटपट्टी काढली. तो म्हणाला, "मॅडम, जखम नाही ती." शेवटी कानस घासून दुसऱ्या फेरीत गाडी पास झाली.

मग उन्हाळ्यात खोऱ्यातल्या मोटार क्लबची चढाची शर्यत आली. एकेक गाडी टेकडीचा रस्ता चढते आणि वर घड्याळ लावलेलं असतं. क्लबचा चिटणीस कथबर्ट लोमॅक्स शोरूममधून आणलेली चंदेरी गाडी घेऊन यायचा. त्याने मेव्हिसला हेल्मेट घालताना बघितलं आणि बर्नार्डला विचारलं, "वहिनी फक्त फोटोसाठी बसल्यात ना?"

"हो ना," बर्नार्ड म्हणाला. "फोटो वर काढायचाय."

पहिल्या फेरीत मेव्हिसने प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला. लोक पोट धरून हसले.

"अगं, शर्यतीत इंडिकेटर देत नाहीत!" बर्नार्ड ओरडला.

"मागून कोणी आलं तर?"

"कोणी येत नाही! एकेकच सोडतात!"

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या फेरीत रिमझिम सुरू झाली, रस्ता ओला झाला. चंदेरी गाडी दुसऱ्या वळणावर आडवी घसरली आणि पुन्हा सरळ होईपर्यंत वेळ गेला. मेव्हिसला ओला चढ काय नवा होता? हाच रस्ता तिने याहून वाईट हवेत चढलेला होता, वर कोणीतरी कळा देत वाट बघत असताना. लाल गाडी एका लयीत वर गेली, कुठे घाई नाही, कुठे ढिलाई नाही. पहिल्या पाचांत काही ती आली नाही. पण लोमॅक्सच्या वर आली.

"माझ्या डोळ्यांवर ऊन आलं," लोमॅक्स म्हणाला. त्याच्या टोपीवरून पाणी गळत होतं.

परत येताना मी अवजारांची व्हॅन घेऊन त्यांच्या मागे होतो. बाजूच्या सीटपुढे पेडल नसल्यामुळे बर्नार्ड तिथे आरामात मावला होता, उघड्या गाडीत डोक्यावर छत्री धरून. पहिल्याच उतारावर छत्री उलटी झाली. तरी तो सगळा रस्ता हातवारे करत बोलत होता.

घरी पोचल्यावर मी विचारलं, "एवढं काय सांगत होतास तिला?"

"गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेव म्हणत होतो."

"मग? काय म्हणाली?"

बर्नार्डने बुटातलं पाणी ओतलं. "म्हणाली, आवडत नसेल तर उतर आणि चालत ये."