उपडा पेला

दाराची घंटा वाजली तेव्हा धाकटी वन्संच्या निळ्या स्वेटरचं तिसरं बटण लावत होती. वन्संनी तिच्या हातावर चापट मारली.

"सोड. उरलेली मी लावते."

"दोनच राहिलीत, वन्सं."

"म्हणूनच म्हणते. परक्या माणसासमोर बटणं लावून घ्यायला मी काय तान्ही आहे? शाल दे इकडे."

धाकटीनं शाल दिली. वन्संनी ती पोटावर ओढून घेतली, थरथरणारे दोन्ही हात तिच्याखाली दडवले आणि मान अशी ताठ केली की जणू कुणी फोटो काढायला आलंय.

"काय बोलायचं लक्षात आहे ना?" धाकटीनं दाराकडे जाता जाता विचारलं. "खरं असेल तेच."

"मी कधी खोटं बोलले?"

याला उत्तर द्यायचं तर तपासनीस बाईंना संध्याकाळपर्यंत दाराबाहेर उभं ठेवावं लागलं असतं. धाकटीनं गपचूप कडी काढली.

आता धाकटी म्हणजे काही कोवळी पोर नव्हे. त्रेपन्न सरली होती तिची. लग्न होऊन आली तेव्हा घरात सगळ्यांत लहान, म्हणून नणंदेनं तिला धाकटी म्हटलं आणि तेच चिकटलं. सासू गेली, सासरे गेले, सहा वर्षांपूर्वी नवराही गेला. उरल्या या दोघी, नणंद आणि भावजय. त्यातल्या एकीला कंपवात जडला आणि दुसरीनं इस्पितळाच्या धोबीखान्यातल्या नोकरीवर आठ महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. ती रजा येत्या सोमवारी संपत होती. मुकादमानं निरोप धाडला होता, आलीस तर ये, नाहीतर तुझ्या इस्त्रीवर दुसरी बाई उभी करतो.

आणि त्यातच ही सरकारची नवी योजना निघाली. घरच्या आजारी माणसाचं घरच्याच माणसानं केलं, तर त्याला महिन्याच्या महिन्याला पगार. तपासनीस येणार, आजारी माणसाला काय जमतं, काय जमत नाही ते बघणार आणि ठरवणार. पगार मंजूर झाला तर धाकटी घरी. नाही झाला तर धाकटी इस्त्रीवर आणि वन्सं गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. तिथली खिडकीजवळची एक खाट धाकटी गुपचूप बघूनही आली होती. खाट चांगली होती. घरी येऊन दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

तपासनीस बाई तरुण होत्या, नाकाचा शेंडा सर्दीनं लाल झालेला, काखेत जाडजूड फाइल. खुर्चीवर टेकून त्यांनी पेन उघडलं.

"कशा आहात, आजी?"

"मी कुणाची आजी? मी लग्नच केलं नाही. ताई म्हण."

"बरं, ताई. सकाळी तुम्हाला उठवायला कुणी लागतं?"

"मला?" वन्सं हसल्या. "अगं, मीच हिला उठवते. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये पहाटेची पाळी केली मी. अजून डोळा उघडला की तोंडातून 'कोणता नंबर हवा' एवढंच निघतं. एकदा तर मी लाइनवर शिंकले, ती तीन गावांत ऐकू गेली. चौथ्या गावानं तक्रार केली, आम्हालाच का वगळलं म्हणून."

तपासनीस बाईंना हसू आलं, पेन थबकलं. धाकटीनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"आणि आंघोळ?"

"स्वतः."

"कपडे?"

"स्वतः. बघ की, बटणं कशी रांगेत आहेत." वरची तीन रांगेत होतीच. बाकीची शालीखाली.

"स्वयंपाक?"

"आज सकाळची न्याहारी मीच केली. हिला मीठ कळत नाही."

धाकटीनं मान वर केली. न्याहारी तिनं स्वतः केली होती, चमच्यानं भरवली होती आणि तीसपैकी अकरा घास स्वेटरवर सांडले म्हणून तर हा दुसरा स्वेटर घालणं चाललं होतं. तिनं तोंड उघडलं. तपासनीस बाईंनी पेन हवेत धरून तिला थांबवलं.

"उत्तरं त्यांनीच द्यायची. नियम आहे."

मग त्यांचं लक्ष जमिनीवर गेलं. खाटेपासून खिडकीजवळून न्हाणीघरापर्यंत वीतवीतभर अंतरावर लाल चिकटपट्ट्या आडव्या मारलेल्या होत्या. वन्संचे पाय उंबऱ्याशी आले की जमिनीत रुतल्यासारखे व्हायचे, ढकलून हलायचे नाहीत. पुढं आडवी रेघ दिसली की मात्र ती ओलांडायला पाऊल आपसूक उचललं जायचं. जिथं पट्टी नसेल तिथं धाकटी स्वतःचं पाऊल आडवं टाकायची.

"या पट्ट्या कशाला?"

"ही नाच शिकते माझ्याकडे," वन्सं म्हणाल्या. "पण पाय जड आहे बिचारीचा."

"जरा चालून दाखवता?"

धाकटी उठली, हात द्यायला. वन्संनी तिच्याकडे असं बघितलं की ती जागच्या जागी बसली. आणि मग आठ महिन्यांत जे घडलं नव्हतं ते घडलं. वन्सं एकट्या उठल्या. शाल पोटाशी गच्च धरून, लाल पट्ट्यांवरून टक टक टक करत खिडकीपर्यंत गेल्या, बाहेर बघितलं, "आज ऊन बरं आहे" असं म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

धाकटीला रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळेना. तपासनीस बाईंनी चार ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या. खुणेगणिक सोमवार जवळ येत होता.

"मी चहा टाकते," धाकटी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आधण उकळायला लागलं तरी पावडर घालायचं तिला सुचलं नाही. तपासनीस बाई मागोमाग आल्या.

"अशानं मी एक तासाचाही पगार लिहू शकत नाही हो. सगळं येतं त्यांना."

"रोज नाही येत. कुणी परकं आलं की अंगात येतं त्यांच्या. तुम्ही गेलात की दोन दिवस उठायच्या नाहीत."

"पण असं का करतात? तुम्ही त्यांना योजना समजावली नाही का?"

"दहादा. पण समोरच्या बेकरीवाल्याच्या आईकडे असंच फाइल घेऊन कुणी आलं होतं. काहीच जमत नाही म्हणाली, तर आठवड्यात तिला आश्रमात हलवलं. तेव्हापासून वन्संच्या डोक्यात पक्कं बसलंय. जमत नाही म्हटलं की उचलून नेतात." धाकटीनं गॅस बारीक केला. "आणि इथं सगळं उलटं. जमतं म्हणाल्या की मी इस्त्रीवर आणि त्या आश्रमात. मलाच कधी कधी कळेनासं होतं, त्यांना काय कळणार?"

तपासनीस बाईंनी रुमालानं नाक पुसलं. "एक मार्ग आहे. काय काय करावं लागतं ते तुम्ही सांगा, मी लिहिते. मग त्यांना वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हणायचं, सही करायची."

"सगळं वाचून दाखवायचं?"

"सगळं. न्हाणीघरातलंसुद्धा."

धाकटीनं दोन कप पुसले. मग पुसलेलेच परत पुसले.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या म्हणतात तेच लिहा."

"अहो, सोमवारी तुम्हाला..."

"सोमवारचं सोमवारी बघू. त्यांच्या तोंडावर नाही वाचायचं ते."

आता एक गोष्ट या दोघीही विसरल्या. जिनं चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, तिच्या कानापुढं स्वयंपाकघराची भिंत म्हणजे काय? पातळ पडदा. चहाचे कप घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा वन्सं छताकडे बघत होत्या.

"बस गं," त्या तपासनीस बाईंना म्हणाल्या. "म्हणजे पडले तर पास आणि उभी राहिले तर नापास? कुठल्या मास्तरानं काढली ही परीक्षा?"

वन्संनी शाल पुन्हा पोटावर ओढून घेतली.

"आधी सांगायचं ना. मला काय, दोन्हीकडून सांगता येतं. लिही. मघाचं सगळं खोड आणि लिही. उठवायला ही लागते. आधी कुशीवर वळवते, मग पाय खाली सोडते, मग तिच्या मानेला मी मिठी मारते. बघणाऱ्याला वाटावं, सासरी निघालेय. दात ही घासते. आंघोळीला मला स्टुलावर बसवते आणि पाठ चोळताना स्वतःच जास्त भिजते. जेवताना तिसातले अकरा घास खाली. मोजते मी. मनातल्या मनात."

धाकटीनं तपासनीस बाईंचा कप स्वतःसमोरच ठेवला.

तपासनीस बाई आधी हसत होत्या, शिंकेच्या गोष्टीला हसल्या तशाच. मग हसणं थांबलं.

"ताई, यातलं खरं कुठलं?"

"ते तू ठरव, तपासनीस तू आहेस. अजून ऐक, सगळ्यात मोठी तर राहिलीच." वन्संनी आवाज खाली आणला, एखाद्या भुताची गोष्ट सांगावी तसा. "रोज सकाळी माझी चादर ओली असते. आणि रोज सकाळी ही बया येते, रिकामा पेला माझ्या उशाच्या स्टुलावर उपडा ठेवते आणि म्हणते, 'अगंबाई, माझ्या हातून पाणी सांडलं बघा वन्सं, चादर बदलते.' आठ महिने झाले. माझ्या उशाशी पाणी ठेवलेलंच नसतं. डॉक्टरनं संध्याकाळनंतर बंद केलंय."

धाकटीनं खिडकीकडे तोंड वळवलं. ऊन खरंच बरं होतं.

"मग मी म्हणते, 'वेंधळीच आहेस.' आणि ती म्हणते, 'आहेच मी.' झालं. लिहिलंस?"

तपासनीस बाईंनी लिहिलं की नाही ते दिसलं नाही, पण बऱ्याच वेळानं त्यांनी कागद पुढं केला. "इथं सही."

सही करायची तर हात बाहेर काढायला हवा. वन्संनी क्षणभर विचार केला आणि शालच बाजूला सारली. स्वेटरची खालची दोन्ही बटणं उघडी होती. उजवा हात पेनापर्यंत पोचला, पेन बोटांत आलं, आणि त्यानं कागदावर जे काही उमटवलं ते एकाच जागी तीनदा कोसळलेल्या भिंतीसारखं दिसत होतं. तपासनीस बाई त्या सहीकडे बघत राहिल्या. मग फाइल मिटली.

धाकटी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

"सोमवारी इस्त्रीवर जाऊ नका," त्या चपला घालत हळूच म्हणाल्या. "कागद यायला पंधरा दिवस लागतील, पण मी पूर्ण पगाराचं लिहिलंय. एक मात्र कळलं नाही. ते पेल्याचं कुठल्या रकान्यात घालू? तसा रकानाच नाही."

"नका घालू कुठं."

"का? ते पण तुमचंच काम ना?"

"ते काम नव्हे."

"मग काय?"

धाकटीनं विचार केला. दाराच्या कडीशी बोटं चाळवली. तेवढ्यात तपासनीस बाईंना शिंक आली आणि ते तिथंच राहिलं. शिंक साधीच होती. शेजारच्या घरापर्यंतही गेली नसेल.

ती आत आली तर वन्संचे डोळे लुकलुकत होते.

"कशी फेकली?"

धाकटीनं त्यांच्या चेहऱ्यावर शोध शोध शोधलं. मघाची ती भुताच्या गोष्टीची बाई कुठं दिसेना. नेहमीच्याच वन्सं होत्या, शिंक तीन गावांत पोचवणाऱ्या.

"वन्सं, ते पेल्याचं..."

"कुठला पेला? अगं, तोंडात आलं ते बोलले. त्या बिचारीनं खरंच मानलं की काय?"

"मानलं."

"साधी आहे पोरगी. औषध घ्यायला सांग तिला."

"फारच फेकता तुम्ही," धाकटी म्हणाली आणि वाकून त्यांच्या स्वेटरची राहिलेली दोन बटणं लावली. या वेळी चापट बसली नाही.

त्या दिवशी वन्सं पुन्हा उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पेला घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि दाराशी थबकली. रोज हात आपोआप स्टुलाकडे जायचा. आज जाईना. चादर ओली होती, ते इथूनही कळत होतं. पण आता पेला ठेवायचा कुणासाठी? वन्संना माहीत आहे हे तिला माहीत झालं होतं. ठेवला तर कालची चेष्टा केल्यासारखं. न ठेवता सरळ चादर ओढली तर आठ महिने राखलेलं सगळं एका झटक्यात जमिनीवर. आणि वन्सं तर म्हणाल्या, पेला म्हणून काही नव्हताच. मग आजच्या चादरीचं काय म्हणायचं? वन्संनी काल खरं फेकलं की खोटं सांगितलं, याचा रात्रभर विचार करूनही तिला थांग लागला नव्हता. ती तशीच उभी राहिली, पेला पोटाशी धरून. पाय उंबऱ्याशी रुतल्यासारखे.

वन्संचे डोळे मिटलेले होते. श्वास झोपेतल्यासारखा चालू होता. बराच वेळ तसाच चालू होता.

"काय गं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "आज पाणी नाही सांडलं वाटतं?"

धाकटीनं उंबरा ओलांडला. पेला स्टुलावर उपडा ठेवायला गेली, तर तो आडवाच झाला. घरंगळून कडेला गेला, तेव्हा तिनं हातानं थांबवला.

"सांडलं ना, वन्सं. माझ्याच हातून."

"वेंधळीच आहेस. आता पगार घेणार तू याचा. जरा नीट धरत जा."

"आहेच मी वेंधळी," धाकटी म्हणाली आणि कोरडी चादर काढायला कपाटाकडे वळली.