एकच नंबर

युवराजनाना पाटील पोर्तुगालला निघाले ही बातमी जळगावात आधी पसरली आणि नानांनी अर्ज नंतर भरला. आपल्याकडे कामं अशीच होतात. बाजारात तुरी, आणि घरात वरणाला फोडणी!

नाना म्हणजे नवी पेठेतल्या 'मनुदेवी ऑफसेट'चे मालक आणि जळगाव-धुळे मुद्रक मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष केव्हापासून, ते विचारू नका. मंडळाला निवडणूक असते हे सभासद विसरून गेले होते आणि नाना आठवण करून देणाऱ्यातले नव्हते.

झालं असं, की 'कॉलमसेट' नावाचं एक परदेशी सॉफ्टवेअर आहे. पानं जुळवायचं. लग्नपत्रिका, पुस्तकं, पावत्या, दुकानाच्या उद्घाटनाची कार्डं, गेलेल्या माणसाच्या उत्तरकार्याची पत्रं, खान्देशात जे काही छापलं जातं ते सगळं याच्यावर जुळतं. त्या कंपनीनं जगभरातल्या आपल्या वापरकर्त्यांचं संमेलन पोर्तुगालमधल्या पोर्तो गावी ठरवलं, आणि छोट्या शहरांतल्या काही वापरकर्त्यांना जाणंयेणं, राहणंखाणं फुकट, असं जाहीर केलं. फुकट हा शब्द मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचायला किती वेळ लागतो!

"वापरकर्ते?" नाना म्हणाले, "अरे भो, आपण नाही तर कोण? आपण तर झोपेतबी कॉलमसेट वापरतो!"

आता खरं सांगायचं तर नानांना पोर्तो बघायचं नव्हतं. पोर्तोहून परत यायचं होतं. त्यांचे नाशिकचे व्याही दोनदा दुबईला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून नानांच्या आयुष्यातलं सुख गेलं होतं. काहीही विषय काढा, व्याही म्हणणार, "दुबईला ना, युवराजराव..." मेहरूणच्या तलावाकाठी हुरडा खायला नेलं तरी दुबई. भरीत वाढलं तरी दुबई. नानांनी ईर्ष्येनं पासपोर्ट काढून ठेवला होता, तो कपाटात बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या साड्यांखाली कोरा करकरीत पडून होता. पाच वर्षांनी येणाऱ्या नातवाच्या बारशालासुद्धा आपण व्याह्यांना "पोर्तुगालला ना, साहेब..." असं म्हणू शकू, एवढ्यासाठी नाना काहीही करायला तयार होते. हे 'काहीही' लक्षात ठेवा.

तयारी धूमधडाक्यात सुरू झाली. सुटाचं माप दिलं गेलं. 'खान्देशातील मुद्रणकला: काल, आज आणि उद्या' या विषयावर नाना तिकडे भाषण करणार असं पेपरात आलं. भाषण करा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, पण माइक दिसला की नाना बोलतात, एवढं जळगावला माहीत होतं. चौकात बॅनर लागला. त्यावर नाना, नानांमागे विमान आणि वर मोठ्या अक्षरांत 'हादिर्क शुभेच्छा'. मुद्रकांच्या मंडळाचा बॅनर, आणि 'हार्दिक'चा रफार एक घर पुढे सरकलेला! कुणाच्या ध्यानात आलं नाही. प्रूफ वाचायची पद्धत मंडळात नव्हती.

घरी प्रमिलाबाईंनी भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळून आणलं. त्या चोपड्याच्या. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी नवऱ्याशी खान्देशीतच बोलायच्या.

"तठे खाशात काय?" त्यांनी विचारलं. "दोन वांगा लई जा."

"अगं, एअरपोर्टवर धरतील ना!"

"वांगासले? वांगा काय चोरीना शेतस?"

नाना हसले. चोरीचं नव्हतंच त्यांच्याकडे काही, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि गोष्टीची सगळी गंमत इथंच आहे.

अर्जात एक रकाना होता, 'आपल्या कॉलमसेटचा नंबर'. मंडळाच्या पाच जणांनी अर्ज भरले आणि पाचही जणांनी नंबर तोंडपाठ लिहिला. वर्षानुवर्षं भिकन नावाचा कॉम्प्युटरवाला मोटारसायकलवर सीडी घेऊन दुकानोदुकानी फिरायचा, कॉलमसेट टाकून द्यायचा आणि सीडीवर मार्करनं लिहिलेला नंबर मोठ्यानं वाचायचा. पुढं सीड्या गेल्या, सगळं ऑनलाइन झालं, तरी नंबर तोच. लोकांना मारुतीस्तोत्र येत नसेल, पण तो नंबर यायचा.

एका नवख्यानं शंका काढली, "नाना, सगळ्यांचा नंबर एकच कसा?"

"एकच राहील ना!" नाना म्हणाले. "पिनकोड कसा असतो? तुझं घर काय, माझं घर काय, गावाचा पिनकोड एक. तसा हा आपल्या भागाचा नंबर आहे. खान्देशचा."

भिकननं तेव्हा खाली मान घालून बूट बघितले.

मग तो फोन आला. सत्कार समितीची बैठक चालू होती, हार झेंडूचा की गुलाबाचा यावर मतभेद होते. पुण्याच्या ऑफिसातून कंपनीचा सुयश नावाचा माणूस बोलत होता. नानांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. हौस, दुसरं काय!

"सर, तुमचे पाचही अर्ज मिळाले," सुयश गोड आवाजात म्हणाला. "नंबर मात्र पाचांवर एकच आहे. तो धुळ्याच्या संघमित्रा तायडे मॅडमच्या नावावर आहे. त्यांनी तो रीतसर विकत घेतलाय. आमच्याकडे दिसतंय, की या एका नंबरावर दीडशेच्या वर कॉम्प्युटर चालतात. एवढा मोठा छापखाना आहे धुळ्यात? आपण मॅडमचे कोण?"

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. पण इतकी वर्षं अध्यक्षपद उगाच टिकत नाही.

"आम्ही?" नाना म्हणाले. "आम्ही मॅडमचीच माणसं ना!"

"म्हणजे स्टाफ! छान. मग शुक्रवारी मॅडमबरोबर बसून मला व्हिडिओ कॉल लावा. त्या हो म्हणाल्या की तुमचं तिकीट पक्कं. नाहीतर मात्र हे प्रकरण आमच्या वकिलांकडे जाईल, सर. माझ्या हातात राहणार नाही."

फोन ठेवल्यावर नानांनी बैठकीला आलेल्या भिकनकडे असं पाहिलं, की तो आपणहून सगळं सांगू लागला. संघमित्रा तायडेचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो पूर्वी एकदा धुळ्याला गेला होता. टेबलावर सीडी होती. येताना त्यानं तिची कॉपी आणली. त्या एका कॉपीवर अख्खा खान्देश पोसला होता.

ही संघमित्रा मंडळाला माहीत होती, बरं का. तिनं कॉलमसेट पैसे मोजून घेतलं तेव्हा मंडळात हसून हसून लोकांची पोटं दुखली होती. "केळीच्या बागेत राहून केळं विकत घेणारी बाई!" हे वाक्य खुद्द नानांचं. पुढं तिनं सभासदत्वाचा अर्ज केला, तो मंडळानं बाजूला ठेवला. एक तर बाई, त्यात धुळ्याची, असं, मंडळाच्या नावात धुळे असूनही, तोंडानं म्हटलं गेलं. तिसरं कारण तोंडानं म्हणायची गरज नव्हती, तायडे हे आडनाव आणि टेबलामागचा बाबासाहेबांचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता.

शुक्रवारी नाना धुळ्याला निघाले. बरोबर भिकन, शाल, श्रीफळ आणि मंडळाचं सन्मानचिन्ह. मंडळापाशी प्रत्येक दुखण्यावर हेच औषध होतं. पारोळ्याजवळ भिकन पुटपुटला, "अडला हरी, नाना, गाढवाचे पाय..."

"गप रे!" नाना खेकसले. "आज संध्याकाळपर्यंत ती मालकीण आहे."

छापखाना छोटाच, पण स्वच्छ. एका बाजूला साक्रीकडच्या शाळांच्या प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला बुद्धाचं चित्र असलेल्या लग्नपत्रिका सुकत ठेवलेल्या. रूपा नावाची ऑपरेटर पोरगी पडद्यासमोर बसली होती. संघमित्रा उठून उभी राहिली.

"काय गं संघमित्रा, बरी आहेस ना?" नाना आत शिरता शिरता म्हणाले. "तुझी आठवण नेहमी निघते मंडळात."

"निघत असणारच," ती म्हणाली. "रोज माझ्याच नंबरावर काम करता. बसा नाना."

तिला सुयशनं सगळं कळवलं होतं. नानांनी शाल काढली, तशी तिनं हातानंच थांबवलं.

"आधी एक सांगते, ते ऐका. भिकनभाऊंनी तुमच्या कॉप्यांचं तोंड असं बांधलंय, की त्या कंपनीची परवानगी विचारतच नाहीत, नुसता नंबर दाखवून आत बसतात. माझी खरी आहे. ती उघडली की रोज कंपनीला विचारते, आत येऊ का? आणि कंपनी सांगते, जागा भरली, तुमच्या नंबरावर आधीच लोक बसलेत. सकाळी तुमची दुकानं उघडली, की मला बाहेर काढतात. माझ्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून! पहाटे उठून पानं लावते मी, नाना. मुलाच्या दहावीच्या वर्षीसुद्धा तेच. कंपनीला कळवलं तर म्हणाले, मॅडम, तुमच्या स्टाफला आवरा. मी म्हणायची, माझा स्टाफ म्हणजे ही एक रूपा, आणखी कोणाला आवरू? या आठवड्यात कळलं, माझा स्टाफ कोण ते."

खोटं कशाला बोला, नानांना क्षणभर लाज वाटली. लाज वाटली आणि लगेच नाशिकचे व्याही आठवले. लाज मागं पडली.

"झालं गेलं तापीला मिळालं," नाना म्हणाले. "चूक भिकनची आहे. आता फक्त एवढं म्हण, की आम्ही तुझ्याकडे कामाला आहोत. तुझं काय जातं? सभासदत्वाचंबी बघून टाकू. महिला उपाध्यक्ष करू तुला!"

तिनं सुयशला कॉल लावला आणि लॅपटॉप दोघांच्या मधे ठेवला.

"नमस्कार मॅडम!" सुयश म्हणाला. "आणि हे सर...?"

नाना सावरून बसले. ज्या माणसानं आमदाराच्या पाया पडतानासुद्धा आधी कॅमेरा कुठे आहे ते पाहिलं, तो माणूस हात जोडून म्हणाला, "मी युवराज पाटील. मॅडमकडे कामाला आहे."

किती सहज म्हणाला! जीभ जरासुद्धा अडखळली नाही. भिकननं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"किती वर्षांपासून?"

"बरीच वर्षं झाली, साहेब. मॅडमच्याच मिठावर वाढलो."

"मॅडम, हे बरोबर आहे?"

संघमित्रानं नानांकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं. ही 'नाही' म्हणाली तर वकील, 'हो' म्हणाली तर पोर्तो.

"हो," ती म्हणाली. "माझेच कर्मचारी आहेत."

नानांच्या जिवात जीव आला. डोळ्यांसमोर थेट विमानाची शिडी आली, शिडीवर सुटातले नाना, खाली नाशिकचे व्याही.

"पण सुयश सर," ती पुढं म्हणाली, "यांना रजा देता येणार नाही."

"काय?" हे सुयश नाही, नाना म्हणाले.

"सीझन आहे ना सर. माझा अर्ज तुमच्याकडे आहेच, मी पोर्तोला आले की इथलं काम कोण बघणार? पाटील माझे सगळ्यात जुने माणूस. त्यांच्यावर टाकल्याशिवाय मला निघता येत नाही. बाकीच्या चौघांचीही रजा नामंजूर. मी आणि रूपा येऊ."

नाना आता बोलणार काय? मी हिचा नोकर नाही, म्हणायचं? मग तू कोण, असं तो पुण्याचा पोऱ्या विचारणार, आणि त्याचं उत्तर चोर!

"समजलं मॅडम," सुयश म्हणाला. "फक्त एवढ्या स्टाफसाठी प्रत्येकाचा वेगळा नंबर घ्यावा लागेल."

"घेतील की. माझ्याकडची पद्धतच आहे, ज्याचं हत्यार त्यानं स्वतः आणायचं. महिनाभरात सगळ्यांना ते घ्यायला लावायचं काम पाटील करतील. काय हो पाटील, कराल ना?"

पाटील! नुसतं पाटील! मागं नाना नाही, राव नाही, भाऊ नाही. नानांच्या कानशिलाची शीर तडतड उडाली, पण मान हलली ती खालीवरच.

सुयशनं रूपाचं पूर्ण नाव लिहून घेतलं, शुभेच्छा दिल्या आणि गेला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. संघमित्रानं शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह उचलून भिकनच्या हातात परत दिलं, आणि प्रगतिपुस्तकांचा वरचा गठ्ठा ओढून नानांच्या पुढ्यात ठेवला.

"आला आहात तर एवढं प्रूफ वाचून जा," ती म्हणाली.

"हो मॅडम," नाना म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की कॉल केव्हाच संपलाय.